खापराची झळ

चैत्र लागला की भिकुबाई पदराचं टोक ओठांवर धरून बोलायला लागते. नव्या माणसाला वाटावं की बाई फार लाजाळू आहे. जळगावच्या मेहरूणमधल्या जुन्या शेजारणींना ठाऊक असतं, लग्नसराई सुरू झाली आणि भिकुबाईचं तोंड आलं.

भिकुबाई माझी मावशी. खापराचे मांडे करणं हे तिचं काम. जळगावात आणि आजूबाजूच्या गावांत लग्न निघालं, की आचारी ठरायच्या आधी तिला निरोप येतो. लग्नाचा बाकीचा स्वयंपाक कुणीही करील, मांडे मात्र हाताला यावे लागतात. गहू ओलवून, दळून, कापडातून चाळून घेतलेलं पीठ ती इतकं आपटते आणि तिंबते, की शेवटी ते पाण्यासारखं ओघळायला लागतं. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या, मग तो गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत वाढवत न्यायचा. वाढता वाढता तो मनगटावर येतो, मग कोपरापर्यंत जातो, आणि एका क्षणी ती दोन्ही हात लांब करून त्याला पालथ्या खापरावर अलगद उतरवते. खापराखाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ असतो, वर मांडवाचा तापलेला पत्रा. जळगावच्या वैशाखात नुसतं सावलीत बसलं तरी डोळे चुरचुरतात. ती दुपार संपेपर्यंत त्या जाळाशी वाकलेली असते.

अशा दोन-चार लग्नांनंतर तिच्या ओठाच्या कडेला बारीक पुरळ उठतं, फुटतं, खपली धरतं. वरच्या हिरडीला आणि टाळूला आतून फोड येतात. त्या दिवसांत ती भाकरी ताकात कुस्करून गिळते. कुणी विचारलं तर म्हणते, "झळ लागनी." तिच्याबरोबर पुरण वाटणारी मंजुळाबाई तिला सोडत नाही.

"भिकुबाई, खापर चुल्हावर ठेयेल व्हतं का तुना तोंडवर?"

"तुनं तोंड त बिनझळनं बी चालू ऱ्हास," भिकुबाई पदराआडून म्हणते. "मनं जरा बंद ऱ्हाऊ दे."

ही झळ तिच्या आईलाही लागायची. पिंपळनेरला आजीच्या चुलीपाशी भिकुबाई लहानाची मोठी झाली. आजीही मांडे करायची. पुरण गोड झालं का, फार गरम तर नाही ना, हे आधी स्वतःच्या जिभेवर बघायची आणि तेच बोट मग पोरीच्या तोंडात द्यायची. चुलीपाशी बसलेल्या पोरीला गप्प ठेवायचा तोच एक उपाय होता. आजीचा खालचा ओठ उन्हाळाभर फुटलेला असे, हे भिकुबाईला अजून आठवतं. मांडे करणाऱ्या बाईचं तोंड असंच असतं, अशी तिची लहानपणापासूनची समजूत. पुढे लग्न होऊन ती नरडाण्याकडे गेली. नवरा झुलाल, तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो तरुणपणीच गेला. मग ती मुलीला, ज्योतीला, घेऊन जळगावला आली आणि आईचं खापर कामाला आलं. ज्योतीही चुलीपाशीच वाढली. तिलाही पुरणाचं बोट मिळालं, आईच्या जिभेवर आधी टेकवलेलं.

ज्योती धुळ्याला दिली. जावई हेमराज शांत माणूस आहे, सासू झुंबरबाई बोलकी. लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नाही. त्या वर्षांत भिकुबाईने काय काय ऐकून घेतलं ते तिने कधी सांगितलं नाही. एवढंच की दुसऱ्यांच्या लग्नात मांडे करताना कुणी नव्या नवरीला आशीर्वाद द्यायला तिला बोलावलं, तर हात पिठाचे आहेत असं सांगून ती मागे राहायची. यंदा ज्योतीला दिवस गेले आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच ती बाळंतपणासाठी माहेरी आली. आखाजीला इकडे सगळ्याच लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधले जात होते. ज्योती पोट धरून ओट्यावर बसायची आणि झोक्यांकडे बघायची.

त्याच सुमाराला भिकुबाईचं तोंड पुन्हा आलं, आणि या वेळी लवकर बरं होईना. टाळूवरचे फोड एकत्र होऊन लालभडक जखम झाली. मंजुळाबाईने मागच्या गल्लीतल्या एका बाईची गोष्ट सांगितली. ती मिसरी लावायची, तिच्या गालात अशीच जखम झाली, आणि मग निम्मा जबडा काढावा लागला. भिकुबाईही मिसरी लावते. त्या दिवसापासून ती आरशासमोर उभी राहून तोंडात बोट घालून बघायला लागली. मला म्हणाली, "चारू, ज्योतीले नको सांगू. तिनं पोट मोकळं होऊ दे. मंग मी मराले मोकळी." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, जणू कामाची वाटणी करत होती.

मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. दातांच्या विभागात गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरबाईंचेही डोळे दमलेले होते.

"आजी, तोंड उघडा."

"अजून आजी व्हायची आहे, बाई," भिकुबाई म्हणाली. "महिनाभर थांबा."

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी दिव्याखाली बराच वेळ बघितलं, एका काडीने जखमेवरून हलकं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं. मग विचारलं, "दरवर्षी याच ठिकाणी येतं?"

"याच. लग्नसराईत. येतं आणि जातं."

"मग तुम्हाला ज्याची भीती वाटतेय ते हे नाही. ती जखम अशी येऊन जात नाही. ती आली की राहते. मिसरी मात्र सोडा, ते वेगळं."

भिकुबाईने खुर्चीच्या हातावरची पकड सोडली. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी पक्कं सांगितलं. हा विषाणू आहे. लहानपणी कधीतरी कुणाच्या तरी तोंडातून आलेला. तोंड बरं झालं की तो मरत नाही. मज्जातंतूच्या वाटेने मागे जातो आणि कानाच्या पुढे, आत खोल, एका गाठीत झोपून राहतो. कडक ऊन, ताप, जागरण, दमणूक, काहीही झालं की जाग येते आणि त्याच वाटेने तो परत तोंडात उतरतो.

"म्हणजे औषधानं जाणार नाही?"

"फोड लवकर सुकतील. तो स्वतः जाणार नाही. तुमच्याबरोबरच राहील."

"म्हणजे भाडोत्री नाही," भिकुबाई म्हणाली. "घरचाच."

"घरचाच. बहुतेकांच्या घरी असतो. कित्येकांना जन्मभर कळतही नाही."

मग भिकुबाईने मुलीचे दिवस भरत आल्याचं सांगितलं आणि डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. जखम ओली असेपर्यंत बाळाजवळ तोंड न्यायचं नाही, त्या म्हणाल्या. मुका घ्यायचा नाही, बोट चाटवायचं नाही, फुंकर घालायची नाही. मोठ्या माणसाला हे ओठाचं दुखणं आहे. नुकत्या जन्मलेल्या बाळाला हे झेपत नाही, थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतं. कधी कधी जखम नसतानाही थुंकीत असतं, म्हणून बाळाच्या तोंडाला तोंड एरवीही नकोच. "पण घाबरून बाळापासून पळू नका," त्या म्हणाल्या. "खपली पडली, हात स्वच्छ धुतले, की घ्या मांडीवर."

भिकुबाईने आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "मुलीला मी बोटानं भरवलंय. आधी माझ्या जिभेला लावून."

"मग तिच्यातही असेल. असला तर तिच्या रक्तातून बाळाला थोडं संरक्षण मिळालेलं असतं. पण त्याच्यावर विसंबू नका."

घरी येताना रिक्षात तिने एकदाच तोंड उघडलं. "म्हंजे रोग बी मीच दिन्हा, नि राखन बी मीच दिन्ही." पुढे मेहरूणचा तलाव येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. तलावाचं पाणी खूप आत सरकलं होतं.

हे कुणाला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं. मला आधी ते पटलं नाही. मग तिने समजावलं. लोक मांडा पानात घेतात तेव्हा हाताकडे बघतात. एकदा का तोंडाकडे बघायला लागले, की खापर उतरवून ठेवावं लागेल. आणि ज्योतीला आता कशाला सांगायचं? ती स्वतःच्याच तोंडाला भिईल, पोटातल्या बाळाला भिईल. आपण आपलं जपायचं, एवढंच.

तोंड बरं झालं. ज्योतीचे दिवस भरत आले तेव्हा एक लग्न येऊन ठेपलं होतं, थंडीतच शब्द दिलेलं. सकाळी मांडवात जाताना तिच्या ओठाला चुणचुण सुरू झाली होती. चुणचुण जाणवताच गोळी घ्यायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. गोळ्या घरी राहिल्या होत्या. ती परत फिरू शकली असती, तिने मांडे केले. त्या लग्नात लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतले. संध्याकाळी घरी आली तेव्हा ओठाची कड सुजली होती, आणि ज्योतीला कळा सुरू झाल्या होत्या.

पहाटे मुलगी झाली.

दवाखान्यात भिकुबाई खोलीच्या दारात उभी राहिली. पदर नाकापर्यंत ओढलेला. नर्सने बाळ पुढे केलं तर म्हणाली, चारूकडे द्या. मी बाळ घेतलं, तिच्याकडे वळले, ती एक पाऊल मागे सरली. ज्योती खाटेवरून बघत होती.

घरी आल्यावरही तसंच चाललं. डिंकाचे लाडू भिकुबाईच करी, शेकशेगडी तीच पेटवी, धुणंही तीच धुई. ताट वाढून उंबऱ्यापाशी ठेवी आणि मला हाक मारी. बाळाला न्हाऊ घालायला मंजुळाबाईला बोलावलं. मंजुळाबाई पायांवर बाळ घेऊन तेल चोळताना मोठमोठ्याने बोलायची, आणि भिकुबाई स्वयंपाकघरातून विचारायची, "टाळू भरनी का? कान नीट पुस." बाळ रडलं की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. मग ती ते हात पदराला पुसायची.

  ज्योतीने आईच्या हाकेला ओ देणं बंद केलं. तिची पाठ भिंतीकडे असायची ती आता दाराकडे असू लागली. मी मावशीला म्हटलं, तिला सांगून टाक. ती म्हणाली, खपली पडू दे. दोन दिवसांनी काय बिघडतंय?

पाचवीला झुंबरबाई धुळ्याहून आली. हेमराजने टोपली, कपडे, खेळणी आत आणून ठेवली आणि बायकांची गर्दी बघून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पाट्याची पूजा झाली. शेजारच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यातल्या निम्म्या तरी लग्नघरी भिकुबाईला बोलावणाऱ्या. झुंबरबाईने पिशवीतून मधाची वाटी काढली.

"विहीनबाई, या पुढे. आमना घरमा पाचवीलेच मध चाटाडतस. जिना बोटनं चाटी तिना गुन पोरले लागस. तुमना हातना गुन लागू द्या."

भिकुबाई दारातच होती. "तुम्हीच चाटाडा."

"मी कसाले? मना हातले काय चव शे? मन्ही भाकर हेमराजना बाप ताटमाच ठीसन ऊठी जास."

बायका हसल्या. ओट्यावर हेमराजही हसला असावा. भिकुबाई हसली नाही. "माले नका सांगू," ती म्हणाली.

झुंबरबाईचा हात वाटीवर तसाच राहिला. तिने पदरात झाकलेला विहिणीचा चेहरा बघितला, मग बाळाकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाली, "आंडेर व्हयनी म्हनीसन का? आमनाकडे कोनी तोंड वाकडं करं नही. इतला वरीसमा घरमा पोर उनी, आमले बठ्ठं भरी पावनं. आनि तुम्ही मायनी माय व्हईसन..."

तोंड आलेलं सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यापायी कुणी बाळाला टाळत नाही; मुलगी झाली म्हणूनच आजी लांब राहतेय, असं सगळ्यांना वाटत होतं. कुणी तरी घसा खाकरला. कुणी बाळाचं दुपटं उगीच नीट केलं.

"ऱ्हाऊ द्या, आत्या," ज्योती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. तिचं तोंड भिंतीकडे होतं. "पहिला दिनपाईन ती दारमाच उभी ऱ्हास. एकदाव बी तिनी पोरले हात लाया नही. ऱ्हाऊ द्या. माले समजी गयं."

तिचा आवाज चढला नाही. त्यात इतका थकवा होता की तो मला बाळंतपणाचा वाटला नाही, त्या सगळ्या वांझोटी म्हणवून घेतलेल्या वर्षांचा वाटला. भिकुबाईने उंबरा ओलांडला. खोलीच्या मधोमध आली, आणि ज्या बायकांपासून तिने उन्हाळ्यामागून उन्हाळे तोंड झाकलं होतं त्यांच्यासमोर तिने पदर काढला.

"हाई देख, ज्योती."

ओठाची कड काळसर खपलीने धरलेली होती. तिने वरचा ओठ बोटाने उचलला. हिरडीवर फोडांच्या जागी बारीक लाल खड्डे होते.

"हाई माले दर सालले येस. झळ नही शे, रोग शे. डाक्टरबाईनी सांगेल शे, हाई बारीक पोरले झेपस नही. म्हनीसन मी आंग चोरस. पोर शे म्हनीसन नही." ती थोडं थांबली. "मना हात तिनाकरता कितला वळवळतस, ते माले माहीत शे."

ज्योतीने मान वळवली.

सगळ्यात आधी मंजुळाबाईला कंठ फुटला. "म्हंजे मांडाले बी लागस का हाई?"

"मांडा तोंडनं करतस का वं?" भिकुबाई म्हणाली. "हातनं करतस. इतला वरीस मनाजोडे बसीसन तुले इतलं बी माहीत नही?"

कुणी हसलं नाही. दोघी-तिघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि त्या आपापल्या घरच्या लग्नात खाल्लेले मांडे आठवत होत्या ते कळत होतं. झुंबरबाई मात्र पुढे झुकून विहिणीच्या ओठाकडे निरखून बघत होती, भाजी घेताना बघतात तशी. बोलता बोलता तिने मधात बोट बुडवलं होतं. ते बोट हवेतच होतं.

"हाई?" ती म्हणाली. "हाई त माले बी येस. उन्हाळामा, आठेच, ओठले. मी त म्हनू झोपमा ओठवर पाल फिरनी."

"आते शे का?" भिकुबाईने लगेच विचारलं.

"आते नही."

"नसलं तरी बी कव्हय कव्हय थुकमा ऱ्हास म्हने."

झुंबरबाईने बोटाकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. मध बोटावरून ओघळायला लागला होता. तिने ते बोट स्वतःच्याच तोंडात घातलं आणि वाटी पाट्यामागे सरकवली. "ग्वाड शे," ती म्हणाली. "पन आते पोरले कोना गुन लागी?"

 बाळ कुरकुरायला लागलं होतं. ज्योतीने त्याला उचलून पदराखाली घेतलं.

जाण्याआधी बायका चहा प्यायल्या, हळदकुंकू घेतलं, नेहमीसारख्या बोलल्या. तरी पुढच्या आठवड्यात एका लग्नघरचा निरोप आला, यंदा साध्या पुरणपोळ्याच करतोय. मंजुळाबाईने तो दारातूनच सांगितला आणि खाली बघत राहिली. भिकुबाई बरं म्हणाली. आणखी एक निरोप यायचा तो आलाच नाही. खापर परसात पालथं पडून होतं, मागच्या जाळाची काजळी पोटात धरून. त्या दुपारी ती झोपली. लग्नसराईत ती दुपारी झोपलेली मी पहिल्यांदाच बघितली. तोंडावर पदर नव्हता.

ज्योती बाळाला पाजत बसली होती. आई उठून बसल्यावर तिने हळूच विचारलं, "माले बी व्हई का हाई?"

"व्हई."

"तुनामुये?"

"मनामुये. माले मना मायमुये."

ज्योतीने आपल्या ओठांवरून बोट फिरवलं. मग मांडीवरच्या चेहऱ्याकडे बघितलं. दूध पिता पिता बाळ झोपी गेलं होतं. "आनि हिले?"

"हिले अजून कोनामुयेच नही," भिकुबाई म्हणाली.

खपली एका सकाळी तोंड धुताना पडली. भिकुबाईने लगेच काही केलं नाही. हिरडीवरचे खड्डे भरू दिले, मला दिव्यापाशी बोलावून टाळू बघायला लावली. मग परसात जाऊन हात धुतले. मांडे करण्याआधी धुते तसे, नखं घासून, कोपराच्या वरपर्यंत. आत येऊन ती ज्योतीसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

ज्योतीने बाळ तिच्या हातांवर ठेवलं. भिकुबाईने त्याला छातीशी घेतलं नाही, मुका घ्यायला वाकली नाही. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात लांब करून तिने त्या लेकराला तोलून धरलं. चेहरा तिने मागे ठेवला होता, तेवढ्या अंतरावरून ती बघत राहिली. बाळाने जांभई दिली.

"जड शे," ती म्हणाली.

"दे मग इकडे," ज्योती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे जरासं."